वखारीतला अडाणा

"अहो, आधी इकडं या. आणि हळू बोला."

राजमतीनं मला मनगटाला धरून स्वयंपाकघरात नेलं. परसात विहिरीच्या कट्ट्यावर बसून बुवा गात होते. मी सायकलचं दुकान उघडायला निघालो होतो, एक चप्पल पायात आणि एक हातात.

"ऐकू येतंय का?"

"काय?"

"बुवा."

"येतंय की. गातायत."

"गातायत ते मलाही कळतंय. कुठं थांबतायत ते ऐका."

मी ऐकलं. आवाज खालनं वर गेला, परत खाली आला. पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला. मला त्यात थांबल्यासारखं काही वाटलं नाही. मी तसं म्हणालो.

"मागं आले होते तेव्हा याच कट्ट्यावर अंगावर पाणी ओतून घेत मध्यमाला जात होते," ती म्हणाली. "सहज. हातात तांब्या. आता कालपास्नं बघतेय, वरच्या सापर्यंत जातात आणि माघारी फिरतात. एकदाही पुढं गेले नाहीत."

"प्रयोगासाठी राखून ठेवत असतील."

"तेच म्हणतेय मी. राखून ठेवायला लागलेत." तिनं दाराकडं बघितलं. "काल दाजिबांना सांगत होते. मी ताक घेऊन गेले तशी गप्प बसले, पण ऐकलं मी. म्हणाले, एकदा येतो. दुसऱ्यांदा भरवसा नाही."

दाजिबा म्हणजे त्यांचे ऑर्गनवाले. तेही आमच्याकडंच उतरले होते.

मुकुंदबुवा कोरगावकर कोण होते, हे आता सांगावं लागतं. संगीत नाटकातले नट. मूळचे गोव्याकडचे. साठी उलटली तरी राजपुत्राचं काम करायचे आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही, कारण लोक डोळे मिटूनच बसलेले असायचे. 'संगीत विजयधनू' नाटकात तिसऱ्या अंकात त्यांचं एक पद होतं, अडाणा रागातलं. त्याला कुणी पदाच्या शब्दांनी ओळखत नव्हतं. 'बुवांचा अडाणा' म्हणायचे. त्यात शेवटी आवाज वरच्या साच्या पलीकडं मध्यमाला जायचा आणि तिथं राहायचा. ओरडल्यासारखा नाही, चिरल्यासारखा नाही. तेवढ्यासाठी लोक गडहिंग्लजहून, चिकोडीहून ट्रकमध्ये बसून यायचे. आणि तो लागला की वन्स मोअर मागायचे. मागितला की बुवांना ते पद पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागायचं. तशी रीतच होती. नाही म्हणणारा गवई त्या काळात मी बघितला नाही.

हे सगळं मला राजमतीमुळं माहीत. तिच्या माहेरी, शमनेवाडीला, ग्रामोफोन होता. आमच्या घरात सायकलच्या घंटीशिवाय काही वाजत नव्हतं. लग्नानंतर मी एक रेडिओ घेतला. ती भांडी घासताना त्यातलं गाणं ऐकायची आणि मध्येच "चुकला" म्हणायची. कोण चुकला, कुठं चुकला, मला कधी कळलं नाही.

मी दुकानात गेलो तर वकील पायरीवरच बसलेले. गुंडोपंत इनामदार. आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष आणि बुवांचे भक्त. कोटाच्या खिशात एक चपटी पिपाणी ठेवायचे, सूर तपासायची. कुठलाही गवई आला की पहिल्या पदाला ती हळूच फुंकायचे आणि शेजारच्याला सांगायचे, पट्टी उतरवली बघ यानं.

"मगदूम, बुवा कसे आहेत?"

"बरे आहेत."

"झोप लागली? घसा? खोकला वगैरे?"

"झोप माझी लागली नाही. पहाटेपास्नं गातायत."

"अरे, भाग्यवान आहेस लेका! आणि तुझ्या नशिबात ते भाग्य म्हणजे…" त्यांनी कपाळाला हात लावला. "सगळे नट पन्नाशीला पट्टी उतरवून पांढरी तीनवर येतात. हा माणूस अजून पांढरी पाचमध्ये गातो. पाच! आणि त्या पट्टीत तार मध्यम. श्वास कुठं घेतो ते दिसत नाही. मी दुर्बीण लावून बघितलंय, मगदूम. छाती हलत नाही."

"मग कुठनं घेतात?"

"तेच तर!" वकील उठून उभे राहिले. त्यांना बसवत नव्हतं. "ऐक. बेळगावात गेल्या खेपेला तीन वन्स मोअर झाले. निपाणीची अब्रू आहे. आज चारच्या खाली यायचं नाही. मी पोरं नेमलीत, दोन्ही बाजूंना."

"चारदा कशाला, वकीलसाहेब? वय झालंय त्यांचं."

"वय तुझं झालंय. तू ओरडू नकोस हां. तू ओरडलास तर बेसूर ओरडशील. तू आपली दोरी सांभाळ."

दोरी म्हणजे दर्शनी पडद्याची. ती मंडळानं माझ्याकडं दिली होती त्याचं कारण असं की आधीचा दोरीवाला गाण्यातला होता. गाणं रंगलं की मान डोलवत बसायचा आणि पडदा पाडायचा विसरून जायचा. एकदा मेलेला राजा उठून विडी ओढायला गेला तरी पडदा वरच. तेव्हा वकील म्हणाले, याच्यावर गाण्याचा काही परिणाम होत नाही, याच्याकडं द्या. तेव्हापास्नं निपाणीत संगीत नाटक आलं की मी विंगेत उभा.

दुपारी जेवायला घरी आलो. प्रयोग तीनला होता. रात्री वीज कधी जाईल सांगता यायचं नाही म्हणून मंडळानं दुपारचाच ठेवला होता, बाजारपेठेमागं तंबाखूच्या एका रिकाम्या वखारीत. वखार दोनदा धुतली होती. तरी तंबाखूचा खकाणा कौलांत, भिंतीत बसलेला असतो. तो जात नाही.

बुवा पाटावर बसले होते. राजमती वाढत होती.

"बाय, तुझ्या जैनाच्या घरी कांदा नाही, लसूण नाही," बुवा म्हणाले. "दिवस बुडला की जेवण नाही. अशा घरात माणसानं गाणं म्हणण्याशिवाय दुसरं करायचं काय?"

दाजिबा हसले. मीही हसलो. राजमती हसली नाही. तिनं भातावर तूप वाढलं आणि तिथंच उभी राहिली.

"बुवा, एक विचारू?"

"विचार की."

"वन्स मोअर नाही दिला तर नाही का चालत?"

दाजिबांचा घास हातातच राहिला. बुवांनी वर बघितलं. चेहरा मोठा होता त्यांचा, आणि त्या वेळी तो अगदी साधा दिसला, कुणा शाळामास्तरासारखा.

"मागणाऱ्याला नाही म्हणायची मला सवय नाही गो," ते म्हणाले. "आणि आता या वयात ती लावून घेऊ म्हणतेस?"

"तसं नाही. वखारीत खकाणा आहे. म्हणून."

"खकाण्याचं मी बघतो. तू भात वाढ."

ते जेवून उठले आणि सोप्यात आडवे झाले. मी हात धुवायला परसात गेलो तशी ती माझ्यामागनं आली.

"पहिल्यांदा मध्यम लागला, पद संपलं, की दोरी सोडायची."

मला आधी कळलंच नाही. "कुठली दोरी?"

"पडद्याची. वन्स मोअर म्हणायच्या आत पडदा खाली. मग काय करतील? पडद्याला गा म्हणतील?"

"अगं, पुढं चार वाक्यं असतात त्यांची. मग प्रवेश संपतो."

"चार वाक्यं गेली खड्ड्यात."

"लोक मला मारतील. वकील तर पहिले."

"मारू देत." तिचा आवाज चढला आणि तिनं स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग हळू म्हणाली, "अहो, दुसऱ्यांदा तो यायचा नाही. फाटेल. एवढ्या माणसांत फाटेल. आणि उद्यापास्नं बेळगावपर्यंत सगळे तेच सांगत सुटतील. बुवा संपले म्हणून. ज्यांनी डोक्यावर घेतलं तेच सांगतील. मला नाही ऐकवणार ते."

"त्यांना ठाऊक असेल ना स्वतःचं?"

"त्यांना मागणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. ऐकलंत की आत्ता." तिनं माझा ओला हात धरला. "तुमच्याकडं मी आजवर काही मागितलंय?"

मी आठवून बघितलं. साडी नाही, दागिना नाही. रेडिओ मी आपण होऊन आणला होता. खरंच काही मागितलं नव्हतं.

"बरं," मी म्हणालो.

वखार भरली होती. उजवीकडं पुरुष, डावीकडं बायका, मागं लोक तंबाखूच्या पोत्यांवर चढून उभे. दर्शनी पडद्याला एक भोक असतं, नट मंडळींनी गर्दी बघायला पाडलेलं. मी त्यातनं बघितलं. वकील पहिल्या रांगेत मधोमध. राजमती बायकांत तिसऱ्या रांगेत होती. पदर दोन्ही हातांत घट्ट धरला होता. ती पडद्याकडंच बघत होती, म्हणजे माझ्याकडंच, असं मला वाटलं.

पहिला अंक कसा गेला मला आठवत नाही. माझं लक्ष दोरीच्या गाठीकडं. तो पडदा वर ओढायला जोर लागायचा, पण खाली सोडायला काही नाही. खुंटीवरची गाठ सोडली की आपल्या वजनानं यायचा. मी ती गाठ सैल करून बघायचो आणि पुन्हा घट्ट करायचो. बुवांनी पहिलं पद सुरू केलं तेव्हा वकिलांनी पिपाणी तोंडाला लावलेली मी विंगेतनं बघितली. मग त्यांनी मागं वळून पाच बोटं दाखवली आणि पुरुषांच्या बाजूनं एक मोठा "वा" आला.

दुसऱ्या अंकात प्रधानाचं काम करणारा नट माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. "काय मालक, घामाघूम?"

"उकडतंय."

"दोरी कशाला सारखी चाळवताय? डोक्यात पाडाल एखाद्याच्या."

मी हात खिशात घातले. ते तिथं राहिनात.

मध्ये बुवा विंगेत आले, दोन घोट पाणी प्याले. माझ्या अगदी शेजारी उभे होते. चेहऱ्यावर रंग, डोक्याला मुकुट, आणि मानेवर पांढरे केस. त्यांना सांगावं असं मला वाटलं. काय सांगणार होतो? त्यांनी माझ्याकडं बघून डोळे मिचकावले आणि पुन्हा आत गेले.

तिसरा अंक. अडाणा सुरू झाला तेव्हा वखारीत शिंकणारे शिंकायचे थांबले. मी गाठ सोडून दोरीचा एक वेढाच खुंटीवर ठेवला आणि टोक हातात धरलं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकलं. इतकी वर्षं विंगेत उभा राहिलो, पण माझं लक्ष कायम प्रवेश कधी संपतो इकडं असायचं. त्या दिवशी मला मध्यम कधी येतो ते कळायलाच हवं होतं, म्हणून मी एकेक सूर धरून चढत गेलो, दुपारी राजमतीनं सांगितलेल्या खुणांनी. हा खालचा सा. हा मधला. हा वरचा सा. आणि मग ते पुढं गेले.

मला गाण्यातलं सांगता येत नाही. दुकानात आम्ही चाकाचा आउट काढतो. चाक वाकडं असलं की फिरताना डुलतं. एकेक आरा पिळत आणायचा. आउट पुरता निघाला की चाक फिरतंय का थांबलंय ते नजरेला कळत नाही, फक्त बोटाला वारा लागतो. बुवांचा तो सूर तसा होता. तो तिथं होता आणि हलत नव्हता. त्यांची छाती हलत नव्हती, वकील म्हणाले होते ते खरं होतं. मला वाटलं, हा थांबू नये. आणि थांबला तर पुन्हा यावा.

पद संपलं. आणि सगळी वखार उठली. "वन्स मोअर! वन्स मोअर!" पोत्यांवरची माणसं पाय आपटत होती, तंबाखूचा खकाणा वर उठत होता. वकील टोपी हवेत उडवत होते. माझ्याही तोंडात तेच शब्द आले होते. मी ते गिळले आणि वेढा सोडला.

दोरी हाताला चटका देत गेली. पडदा खाली यायला लागला. मी स्टेजकडं बघत होतो. बुवांनी आधी वर बघितलं. मग विंगेत, माझ्याकडं. त्या नजरेत राग नव्हता. कुणी आपलं ताट अर्ध्यातनं उचललं तर माणूस बघतो तसं ते बघत होते. आणि मग ते पुढं झाले. दोन ढांगांत स्टेजच्या कडेला. पडदा त्यांच्या पाठीमागं पडला.

बुवा बाहेर आणि आम्ही सगळे आत. प्रधान म्हणाला, "मेलो! मालक, काय केलंत हे?" मी पडद्याच्या भोकाकडं धावलो.

बुवांची पाठ दिसत होती. त्यापलीकडं लोक. मागं महाल नाही, सिंहासन नाही, नुसता पडदा आणि त्यापुढं रंगवलेला म्हातारा. आरडाओरडा थांबला. बुवा खाली दाजिबांकडं वळून म्हणाले, "पहिल्यापासून."

त्यांनी पद पुन्हा सुरू केलं. मी राजमतीला शोधलं. तिनं पदर तोंडात कोंबला होता. आवाज वर चढला, वरच्या साला पोचला, आणि पुढं निघाला. आणि फाटला. जुनं धोतर फाटावं तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. बुवा थांबले. दाजिबांचा ऑर्गन एकटाच जरा पुढं गेला आणि तोही थांबला.

त्या शांततेत वकील उठले. "खकाणा आहे बुवा!" ते ओरडले. "आमची चूक आहे! पाणी आणा रे, पाणी!"

"हो हो, खकाणाच आहे," मागनं कुणीतरी म्हणालं. "आम्हालाही लागतोय घशाला." चार-सहा जण खोकले. खरंच खोकले का मुद्दाम, कोण जाणे. पाण्याचा तांब्या हातोहात पुढं आला.

बुवांनी तो घेतला नाही.

"खकाणा नाही, वकीलसाहेब," ते म्हणाले. बोलण्याचाच आवाज, पण मागच्या पोत्यांपर्यंत गेला. "गळा आहे. एकदा देतो, दुसऱ्यांदा देत नाही. तुम्हाला चालणार असेल तर मी जिथपर्यंत जातो तिथपर्यंत गातो."

वकील उभे होते ते खाली बसले. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेतल्या मुलासारखे.

बुवांनी मधूनच उचललं. या वेळी वरच्या साला गेले आणि तिथंच राहिले. मला वाटलं आता उतरतील. ते उतरले नाहीत. त्या एका जागेभोवती ते हिंडायला लागले. थोडं खाली यायचे, दुसऱ्या वाटेनं पुन्हा तिथं जायचे. प्रत्येक वेळी वाट वेगळी आणि जागा तीच. किती वेळ, सांगता येत नाही. मला ते मध्यमाएवढं आवडलं का? नाही. खरं सांगायचं तर नाही. पण भोकातनं मला माणसं दिसत होती. पोत्यांवरची माणसं खाली बसली होती. वकिलांचे डोळे भरून वाहत होते आणि ते पुसत नव्हते. राजमतीनं पदर सोडला होता, तो खांद्यावरनं खाली आला होता आणि तिला त्याचं भान नव्हतं.

संपल्यावर वन्स मोअर कुणी मागितला नाही. वकील म्हणाले, "बुवा, हे आम्ही कधी ऐकलं नव्हतं."

"मी पण नाही," बुवा म्हणाले. "इथं कधी थांबलोच नव्हतो. नुसता वर जात होतो."

मग टाळ्या झाल्या. इतक्या की कौलांतनं धूळ पडली.

बुवा पडद्याची कड उचलून आत आले. "दोरी कुणाकडं?"

ठाऊक असून विचारलं त्यांनी. मी पुढं झालो.

"का सोडलीस?"

हाताची कातडी सोलली होती, ती झोंबत होती.

"घरनं सांगितलं?"

मी सोललेला हात पाठीमागं घेतला.

"मी गात होतो रे," बुवा म्हणाले. एवढंच. मग मुकुट सारखा केला आणि म्हणाले, "घे वर. माझी चार वाक्यं राहिलीत."

घरी जाताना राजमती माझ्यापुढं चालत होती, भरभर. बाजारपेठेत लोक मला बघून हसत होते, "काय मगदूम, झोप लागली होय?" म्हणत होते. दिवस मावळत आला होता. घरी गेल्यावर ताटं घेऊन जेवून घ्यायचं तर तिनं ताटं घेतली नाहीत. पाणी भरलं, परत ओतलं. मुलांच्या अंगावर विनाकारण ओरडली.

"तुम्हाला विचारलं त्यांनी?"

"विचारलं."

"माझं नाव सांगितलंत?"

"नाही."

"सांगायचं होतं." ती उंबऱ्याशी उभी राहिली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, मी गात होतो रे."

ती वळून आत गेली. त्या दिवशी आम्ही दोघंही उपाशी राहिलो.

बुवांबद्दल वाईट कुणी बोललं नाही. वकील तर पुढं कित्येक वर्षं कोर्टात अशिलांना थांबवून तो वरचा सा समजावून सांगायचे. राजमती ज्याला भ्याली होती ते झालंच नाही. त्या माणसांना तिनं कमी ओळखलं होतं, आणि मी ओळखायचा तर प्रश्नच नव्हता.

गेल्या वर्षी मिरजेला डॉक्टरांनी राजमतीचे रिपोर्ट बघितले आणि मला आणि सन्मतीला बाहेर बोलावलं. सन्मती आमचा थोरला. गाडीत बसायच्या आधी तो मला म्हणाला, "अण्णा, आईला कळू द्यायचं नाही. आतड्याला सूज आहे म्हणून सांगू. ती घाबरेल." मी बरं म्हणालो. वाटेत ती मागच्या सीटवर झोपली होती. मला काही बसवेना. मी सारखा मागं वळून बघत होतो आणि ती सकाळ मला सारखी आठवत होती, प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसाची. घरी आल्यावर तिनं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर, आणि मी सांगितलं. जे होतं ते. सन्मती माझ्याशी आठवडाभर बोलला नाही. अजूनही त्याला वाटतं मी चुकलो. त्यानंतर ती दिवाळीपर्यंत होती. तेवढ्यात तिनं बहिणीशी जुनं भांडण मिटवलं, नवीन एक काढलं, स्वतःच्या साड्या स्वतः वाटल्या आणि मला कुकर लावायला शिकवला. तिला विचारायचं राहिलं की मी बरोबर केलं का. ती नव्हती ते विचारायला असं नाही. होती तेव्हा सुचलं नाही.

ती सकाळ सांगतो.

बुवांची गाडी दहाची होती. मी दुकान उघडलं नव्हतं, वकील यायची भीती होती. मी स्वयंपाकघरात बसून होतो. राजमती भाकऱ्या थापत होती. परसात बुवा कट्ट्यावर बसून गायला लागले. वरच्या साला गेले, आणि या वेळी माघारी फिरले नाहीत. पुढं गेले. नुसता घोगरा श्वास आला. पुन्हा गेले. पुन्हा तसंच. राजमतीचे हात परातीत थांबले.

"बाय!" बुवांनी हाक मारली. "ऐकलंस?"

ती पिठाच्या हातांनी परसदारात गेली. "ऐकलं."

"आला?"

"काल फार गायलात तुम्ही," ती म्हणाली. "वखारीत एवढी माणसं, एवढा…"

बुवा कट्ट्यावर बसून तिच्याकडं बघत राहिले. तिनं हातावरचं पीठ चोळलं, पुन्हा चोळलं.

"नाही आला, बुवा," ती म्हणाली.

"नाही ना?"

"नाही. साच्या पुढं नुसती हवा होती."

बुवा मोठ्यानं हसले. विहिरीतनं तो आवाज परत आला. "दाजिबा, ऐका! मला दोन वर्षं कुणी हे सांगितलं नाही. सगळे म्हणतात, बुवा, आज हवा कोरडी आहे." मग तिला म्हणाले, "बस. कालचं ऐकवतो. काल मला स्वतःला नीट ऐकू आलं नाही."

ती उंबऱ्यावर बसली. बुवांनी वरचा सा लावला आणि कालच्या त्या वाटांनी हिंडायला लागले. ती मान खाली घालून ऐकत होती. मध्येच एकदा "चुकला" म्हणाली, आणि बुवा "होय गो" म्हणून परत फिरले.

तव्यावरची भाकरी धुरायला लागली होती. तिला हाक मारावी म्हणून मी तोंड उघडलं, आणि मिटलं. मी चुलीपुढं बसलो आणि ती बोटांनी उलटली.